दोन पांढऱ्यांचं जांभळं

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घेत आणि कवळी बनवायला ते माप यांच्याकडे पाठवून देत. तीस-एक वर्षं हाच धंदा केल्यावर खरं आडनाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं. गल्लीत, बाजारात, इतकंच काय सासुरवाडीतही ते कवळीवाले झाले.

तळमजल्यावर त्यांची कामाची जागा होती. पुढची खोली प्लास्टरच्या भुकटीने कायम पांढुरकी. तिथे फडताळावर ओळीने जबडे मांडलेले असत. नवखा माणूस दारातच थबके. मागच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. त्यावर मेण, छोटी शेगडी, बोटभर लांबीची नाजूक हत्यारं आणि दातांच्या छटांची पट्टी. कोपऱ्यात मोठं पातेलं सतत गरम असे. कवळीचा गुलाबी भाग त्या पाण्यात शिजून कडक होई. त्या वाफेमुळे खोलीत बारा महिने दमटपणा असायचा. कवळीवाल्यांच्या बायकोचं म्हणणं होतं की या खोलीत माणूस सोडून काहीही चांगलं वाढेल.

तसंच झालं. एका डॉक्टरांनी एकदा त्यांना ऑर्किडची कुंडी भेट दिली. फुलं गळून गेलेली होती, म्हणजे डॉक्टरांना ती टाकायचीच होती बहुधा. कवळीवाल्यांनी ती खिडकीत ठेवली. पुढच्या हंगामात तिला तळहाताएवढी पांढरीशुभ्र फुलं आली, काठाला झालर असलेली. कवळीवाले दातांवरचं काम सोडून तिच्याकडे बघत बसले. तोवर त्यांना कसला म्हणून नाद नव्हता. आता लागला.

त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, वेगळंच एक पांढरं ऑर्किड होतं. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचं झाड उंच, सडपातळ दांड्यांचं. प्रत्येक दांड्याच्या टोकाला दोन पानं आणि मधून लहान, जाड पाकळ्यांच्या फुलांचा घोस. ती फुलं मेणाची वाटत. कवळीवाल्यांच्या झाडाचे दांडे मात्र ठेंगणे, फुगीर आणि दर दांड्याला एकच रुंद पान. दोन्ही झाडं एकाच वेळी फुललेली पाहून कवळीवाल्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. यांचं लग्न लावून द्यायचं.

ते हत्यारांची पेटी घेऊन ताईकडे गेले, सोबत स्वतःची कुंडीही. ऑर्किडचे पराग सुटे उडत नाहीत, त्यांचे छोटे पिवळे गोळे असतात. मेण कोरायच्या हत्याराच्या टोकाने त्यांनी आपल्या फुलातले गोळे काढून ताईच्या फुलाला लावले आणि ताईच्या फुलातले आपल्या फुलाला. ताई भिंग धरून उभी होती.

"हे दोन्हीकडून कशाला?" तिने विचारलं.

"एकीकडची शेंग धरली नाही तर दुसरीकडची असावी."

"लग्नात असं चालतं का रे?"

"झाडांत चालतं."

दोन्हीकडे शेंगा धरल्या. एक त्यांच्या खिडकीत वाढली, एक ताईच्या गच्चीत. शेंगा तयार झाल्यावर प्रश्न आला तो बियांचा. ऑर्किडचं बी टाल्कम पावडरीसारखं असतं, मातीत टाकलं तर उगवत नाही. त्याला बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या घट्ट खळीवर, जंतूंपासून सांभाळून रुजवावं लागतं. पण त्याची सोय घरातच होती. ताईची मुलगी एका प्रयोगशाळेत कामाला होती. ती प्रयोगशाळा नर्सरीवाल्यांसाठी बाटल्यांमध्ये हजारोंनी रोपं तयार करायची. भाची दिवसभर काचेच्या कपाटासमोर बसून चिमट्याने इवली रोपं एका बाटलीतून दुसरीत लावत असे. हात इतका हलका की मामाला तिचं भारी कौतुक.

"मामा, साहेबांना विचारून बघते," ती म्हणाली. साहेब म्हणजे तिथले मुख्य. त्यांनी परवानगी दिली, फक्त जेवणाच्या सुट्टीत कर म्हणाले. भाचीने महिनोन्‌महिने जेवणाची सुट्टी मामाच्या बाटल्यांवर घालवली. दोन शेंगांपैकी एकीतलं बी फोल निघालं. दुसरीतलं रुजलं. रोपं जपून जपून शेवटी जगली ती मोजकीच. दोन कवळीवाल्यांकडे आली, एक ताईकडे गेलं आणि एक भाचीने स्वतःच्या खोलीच्या खिडकीत ठेवलं. ती लग्न न करता कामाच्या जवळच एक खोली घेऊन राहत असे. त्यावरून ताईचं आणि तिचं अधूनमधून वाजायचं, पण ती गोष्ट वेगळी.

पुढे कैक वर्षं काही घडलं नाही. ऑर्किड सावकाश वाढतं. कवळीवाल्यांचे केस पांढरे झाले, भाचीला चष्मा लागला. मग एका सकाळी, चहाचा कप हातात घेऊन ते मागच्या खोलीत गेले, तर त्यांच्या दोन रोपांपैकी मोठ्याची कळी उमलली होती.

फूल जांभळं होतं.

फिकट वगैरे नाही. गर्द, मखमली जांभळं, आत गळ्याशी पिवळा पट्टा. कवळीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग जिन्यातून बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत खाली आली, बघून म्हणाली, "छान आहे की."

"छान आहे, पण कोणाचं आहे?"

"म्हणजे काय? आपलं."

"अगं, आई पांढरी, बाप पांढरा. हा रंग आला कुठून?"

बायकोने पुन्हा एकदा फुलाकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. तिला हसू आवरेना. कवळीवाल्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ज्या माणसाने उभा जन्म रंग जुळवण्यात काढला, हिरडीची गुलाबी छटा एवढीशी इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याच्या खिडकीत हे असं उभं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात गावात फुलांचं प्रदर्शन होतं. कवळीवाल्यांनी गोंधळलेल्या मनानेच कुंडी नेली. बायको म्हणाली, कोणी जाणकार भेटला तर कळेल तरी. तिथे नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने विचारलं, "प्रकार कोणता? आणि संकर असेल तर आईबाप?"

"कॅटलिया," कवळीवाले म्हणाले. एवढं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आईबाप दोन्ही पांढरे."

मुलीने मान वर करून फुलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. शेजारी एक नर्सरीवाला आपल्या कुंड्या मांडत होता. तो हसत हसत जवळ आला. बोलायला मोकळाढाकळा माणूस. धंद्यात मुरलेला.

"काका, दोन पांढऱ्यांचं जांभळं होत नाही हो."

"पण मी स्वतःच्या हाताने पराग लावलेत."

"लावले असतील. पण रोपं कुठे वाढवलीत? बाटलीत ना?" त्याने प्रयोगशाळेचं नाव विचारलं, यांनी सांगितलं. "तिथूनच तर मी माल घेतो. अशी जांभळी त्यांच्याकडे ढिगाने असतात. बाटली बदलली असणार. होतं तसं. तिथल्या मुली दिवसभर तेच तेच करतात, एखादी चिठ्ठी इकडची तिकडे लागते."

 कुंडी एका बाजूला, बिनबक्षिसाच्या फुलांत ठेवली गेली. प्रदर्शनाच्या परीक्षक म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्या हातात भिंग घेऊन फिरत होत्या. त्या या कुंडीपाशी बराच वेळ थांबल्या, पानांना हात लावून पाहिला आणि पुढे गेल्या. कवळीवाल्यांना वाटलं आपण जाऊन बोलावं. पण नर्सरीवाल्याचं बोलणं त्यांच्या कानात बसलं होतं. ते कुंडी उचलून घरी आले.

बाटली बदलली. एकदा हे मनात शिरल्यावर ते जाईना. मग भाचीचा चेहरा डोळ्यांसमोर येई आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटे. मग वाटे, पण चूक कोणाच्याही हातून होते. मग वाटे, की आपणच काही केलं असेल. त्या दिवशी ताईच्या गच्चीत आणखी एखादं जांभळं फूल होतं का? हत्यार आधी कशात बुडवलं होतं का? एखादी मधमाशी? त्यांनी ताईला फोन केला.

"माझ्या गच्चीत जांभळं कधीच नव्हतं," ताई म्हणाली. "आणि बाळ, शेंग माझ्या झाडाची रुजली होती हे लक्षात ठेव. तुझी फोल निघाली."

"उलट आहे ताई. तुझी फोल निघाली."

"मी स्वतः डब्यात कापूस घालून पोरीकडे दिली होती."

"मीही दिली होती. कापूस घालूनच."

दोघांनीही फोन जरा घुश्शातच ठेवला. आता बाप कोण हे तर कळत नव्हतंच, आई कोण तेही निसटलं.

त्या दिवसांत कामावर त्यांचं चित्त नव्हतं. एका डॉक्टरांचा फोन आला. "अहो कवळीवाले, आमचे एक आजोबा कवळी घालून बसलेत, म्हणतात हे दात माझे नाहीत, बायकांचे आहेत." कवळीवाल्यांनी दुसऱ्या दवाखान्यात चौकशी केली. तिथे एक आजीबाई मोठे दात तोंडात बसत नाहीत म्हणून चिडून बसल्या होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दोन माणसांचे दात एकमेकांकडे पाठवले होते. त्यांनी स्वतः रिक्षाने जाऊन दोन्ही कवळ्या परत आणल्या आणि माफी मागितली. आजोबा भले होते. म्हणाले, "जेवता नाही आलं, पण हसू बरं दिसत होतं."

शेवटी न राहवून ते भाचीकडे गेले. खडा टाकून बघावा म्हणून आडून आडून बोलायला सुरुवात केली. तुमच्याकडे चिठ्ठ्या कशा लावतात, बाटल्या कुठे ठेवतात, एकाच वेळी किती जातींचं काम चालतं. भाचीने चहा पुढे केला आणि सरळ विचारलं.

"मामा, फूल बघून तुला वाटतंय का की मी बाटली बदलली?"

"तसं नाही गं. सगळे म्हणतात म्हणून."

"सगळे म्हणजे कोण?"

"एक नर्सरीवाला."

 ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं ते नंतर बायकोला म्हणाले. ती रागावली नाही. ती विचार करू लागली. "स्पिरिटने पुसताना बाटलीवरचं लिहिलेलं कधी कधी जातं," ती हळूच म्हणाली. "मी ते परत लिहायची. बघूनच लिहायची. पण आता छातीठोक नाही सांगता यायचं." तिच्या खिडकीतल्या रोपाला अजून कळी नव्हती. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

कवळीवाले घरी आले ते जास्तच चक्रावून. इकडे काय झालं, तर दुसऱ्याच दिवशी भाची साहेबांकडे गेली आणि म्हणाली, माझ्या हातून चिठ्ठ्यांची चूक झाली असू शकते. कोणी न विचारता. साहेबांना तेव्हा एक मोठा माल रवाना करायचा होता, त्यातल्या बऱ्याच बाटल्या तिच्या हातच्या होत्या. माल थांबला. तपासणी सुरू झाली. तोवर तिला कपाटासमोरच्या कामावरून काढून मागे बाटल्या धुण्याच्या कामाला लावलं.

ही बातमी कवळीवाल्यांना ताईने फोनवर दिली. आवाज थंड होता. "तुझ्या फुलाला म्हणावं, अभिनंदन." एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ते फूल तोडून टाकायला हात पुढे केला होता, पण बायकोने हात धरला.

"त्याने काय केलंय? आधी नीट कोणाला तरी दाखवा. नर्सरीवाला सोडून."

"कोणाला?"

"त्या भिंगवाल्या बाई होत्या म्हणालात ना."

परीक्षक बाईंचा पत्ता मिळवायला त्रास पडला नाही. त्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. पूर्वी कापडाच्या गिरणीत नमुने तपासायच्या कामाला होत्या, निवृत्त झाल्यापासून ऑर्किडच ऑर्किड. फोनवर त्यांनी एकच अट घातली. "फूल एकटं आणू नका. ज्यांना तुम्ही आईबाप म्हणताय ती दोन्ही झाडं आणा. फुलं नसली तरी चालतील."

म्हणजे ताईकडे जाणं आलं. कवळीवाले गेले. ताईने दार उघडलं, आत गेली, कुंडी घेऊन आली आणि पायात चपला घालून उभी राहिली.

"तू कशाला?"

"माझं झाड आहे. आणि आई तेच आहे."

रिक्षात दोघं भावंडं तीन कुंड्या मांडीवर आणि पायांत घेऊन बसली.  एका वळणावर कुंडी कलंडली तेव्हा ताईने भावाच्याच गुडघ्याला धरलं, आणि लगेच सोडलं.

परीक्षक बाईंनी तिन्ही कुंड्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. ताईचं झाड नेमकं फुललेलं होतं. कवळीवाल्यांच्या झाडाला फूल नव्हतं, पण त्यांच्याकडे त्याचे फोटो होते. बाईंनी आपला फोन काढून जांभळ्या फुलाचा आणि ताईच्या फुलाचा फोटो घेतला, कवळीवाल्यांकडचा एक फोटो मागवून घेतला आणि तिन्हींतला रंग काढून टाकला. मग तिन्ही फोटो, काळेपांढरे, शेजारीशेजारी ठेवले.

"आता बघा. रंग विसरा."

कवळीवाले बघू लागले. त्यांना काही दिसेना. बाईंनी बोट ठेवलं.

"हा फुलाचा ओठ. ही खालची पुढे आलेली पाकळी. तुमच्या मोठ्या पांढऱ्यात ती नळीसारखी गुंडाळलेली आहे आणि काठाला झालर. ताईंच्या फुलात ओठ फावड्यासारखा, मध्ये चिमटा बसल्यासारखा अरुंद, आणि बाजूचे दोन कान वेगळे. आता जांभळ्याचं सांगा."

कवळीवाल्यांनी डोळे बारीक केले. ओठ मध्ये थोडा अरुंद होता. पण पुढे झालर होती. कान होते, पण अर्धवट गुंडाळलेले.

"मधलंच काहीतरी," ते म्हणाले.

"झाड बघा. पानं."

ते तर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे रोज पाणी घालताना पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. जांभळ्या झाडाच्या काही दांड्यांना एकच पान होतं आणि काहींना दोन. एकाच कुंडीत. ताई टेबलावर वाकली.

"म्हणजे हे आमचंच," ती म्हणाली.

"कॅटलियातलेच, दोन वेगळ्या घराण्यांतले आईबाप. एका पानाचं एक, दोन पानांचं एक. मी प्रदर्शनातच पानं बघून थांबले होते. नर्सरीवाल्यांची ती जांभळी सगळी एका पानाची असतात, ओठही वेगळा. बाटली बदललेली नाही असं मला वाटतं."

"मग रंग?" कवळीवाल्यांनी विचारलं. "रंग कुठून आला?"

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. जांभळा रंग तयार व्हायला झाडाला दोन गोष्टी लागतात, दोन्ही असल्या तरच रंग उतरतो. एका पांढऱ्यात पहिली गोष्ट बिघडलेली, दुसऱ्यात दुसरी. म्हणून दोघं पांढरे. कवळीवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांना ते धड समजेना. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा समजेना. ताईने तर हात टेकले. मग कवळीवाले थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटले आणि म्हणाले,

"कवळीचा गुलाबी भाग करायला मला पावडर लागते आणि द्रव लागतो. नुसती पावडर ठेवली तर काही होत नाही. नुसता द्रव उडून जातो. समजा एका दुकानात फक्त पावडर आहे आणि दुसऱ्यात फक्त द्रव. कुठल्याही एका दुकानातून हिरडी निघणार नाही."

"आणि पोराला दोन्ही दुकानं मिळाली," बाई म्हणाल्या. "असंच."

"म्हणजे दोघं पांढरे वेगवेगळ्या कारणांनी आहेत."

"हो. पण लक्षात घ्या, हे मी घडू शकतं म्हणून सांगतेय. नोंद नाही, पुरावा नाही. चेहऱ्यावरून घराणं ओळखता येतं, जन्माचा दाखला देता येत नाही."

"आणि आई कोण?" ताईने विचारलं. "शेंग कोणाची?"

"ते फुलावरून कोणीच सांगू शकणार नाही, ताई."

"मी सांगतेय ना पण."

बाई हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तिथून दोघं भावंडं कुंड्यांसकट थेट प्रयोगशाळेत गेली. साहेब म्हणजे पन्नाशीचे, सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं लावलेले गृहस्थ. कवळीवाल्यांनी ओठ, पानं, पावडर, द्रव सगळं एका दमात सांगायला घेतलं. मध्येच अडकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तपासणी कधीच झाली," ते म्हणाले. "एकही चिठ्ठी चुकलेली नव्हती. माल गेला. मी तिला त्याच दिवशी म्हटलं, परत आपल्या जागेवर बस. ती बसत नाही. म्हणते, हाताचा भरवसा वाटत नाही. तुम्हीच बोला."

भाची मागच्या मोरीवर होती. रबरी हातमोजे, पायाशी साबणाचं पाणी, चारी बाजूंना ओल्या बाटल्यांचे ढीग. मामाला आणि आईला एकदम पाहून ती उभी राहिली. कवळीवाल्यांनी जांभळी कुंडी ओल्या फरशीवर ठेवली आणि पानं दाखवली. एक पान, दोन पानं. तिला जास्त सांगावं लागलं नाही. ती गुडघ्यावर बसून बघत राहिली.

"मला वाटायचं मी नाही चुकले," ती म्हणाली. "पण तू विचारलंस आणि मलाच कळेनासं झालं. मग प्रत्येक बाटली बघून तसंच वाटायला लागलं. ही मीच लिहिली का? बघून लिहिली का?"

"मी दोन माणसांचे दात बदलले गं मधे," कवळीवाले म्हणाले.

"काय?"

"एका आजोबांना आजीचे दात पाठवले. तीस वर्षांत पहिल्यांदा. माझी चूक खरी झाली, तरी मी दुसऱ्या दिवशी टेबलावर बसलो. तुझी तर झालीच नाही. ती मी तुझ्यावर घातली. माझं चुकलं."

 भाचीने हातमोजे काढले. ती हसली का रडली ते ताईला मागून दिसलं नाही. ताई मधेच म्हणाली, "आता तू एवढं सांग, रुजलेली शेंग माझी होती की याची?"

"आई, खरंच आठवत नाही."

"कापसाचा डबा निळा होता का?"

"दोन्ही डबे निळे होते."

पुढच्या सोमवारी भाची आपल्या जागेवर बसली. पहिले काही दिवस प्रत्येक चिठ्ठी ती दोनदा लिहायची, एक बाटलीवर आणि एक तळाला. साहेबांनी ते पाहिलं. पुढे सगळ्याच मुलींना तसं लिहायला सांगितलं.

ताई आणि कवळीवाल्यांचं बोलणं पूर्ववत झालं, म्हणजे दर फोनला आई कोण यावरून वाजू लागलं. पुढच्या वर्षी प्रदर्शनात कुंडी पुन्हा गेली. नोंदणीच्या मुलीला कवळीवाल्यांनी सांगितलं, कॅटलिया संकर, आईबाप पांढरे, कोण आई कोण बाप यावर घरात मतभेद. तिने विचारलं, असं लिहू का? ते म्हणाले, लिहा. नर्सरीवाला आला, त्याला त्यांनी पावडर आणि द्रवाची गोष्ट ऐकवली. त्याला काही ती पटली नाही. पण फुलाकडे बघत तो उभा राहिला आणि एखादं रोप विकत मिळेल का म्हणाला. कवळीवाले नाही म्हणाले. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. ताईकडचं आणि कवळीवाल्यांचं दुसरं रोपही त्याच हंगामात फुललं, दोन्ही जांभळी. कवळीवाल्यांना वाटलं, चला, सुटलं एकदाचं कोडं.

मग एका रविवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, माझ्याकडचं उमललं."

"जांभळं ना?"

 तिने फोटो पाठवला. कवळीवाले खिडकीपाशी गेले, फोन उजेडात धरला. फूल जवळजवळ पांढरं होतं. ओठावर फक्त एक जांभळा ठिपका, पेन टेकल्यासारखा. त्यांनी बायकोला दाखवलं, बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी परीक्षक बाईंना फोन लावला आणि जे दिसतंय ते सांगितलं. 

"तसं व्हायला नको," बाई म्हणाल्या. "म्हणजे होऊ शकतं. का, ते मला आत्ता सांगता येणार नाही. पानं किती आहेत?"

"ते मी विचारलंच नाही."

"विचारा. आणि सगळी घेऊन या. ताईंनाही आणा."

कवळीवाल्यांनी भाचीला परत फोन लावला. लागला तेव्हा ती आधीच पानं मोजत बसली होती, आणि मोजताना तिचा गोंधळ होत होता, कारण एका दांड्याचं दुसरं पान होतं की नुसता कोंब हे तिला ठरवता येत नव्हतं.